लंडनमध्ये बसून भारताच्या पैशाचा सल्ला कोण द्यायचं? इंडिया ऑफिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीला आणि संध्याकाळी एमपीएससीच्या मुलांना भारतीय चलनाचा इतिहास शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि खरं सांगतो, प्रश्न चांगले असतात. पुस्तकात हर्शेल समिती, फाउलर समिती, चेंबरलेन आयोग, हिल्टन यंग आयोग अशी लाइनीत यादी असते, मुलं ती पाठ करतात आणि पेपरला लिहून येतात. पण ही माणसं कोण, त्यांना कुणी बोलावलं, खर्च कुणाच्या खिशातून झाला आणि इथल्या माणसाच्या हातात पडणाऱ्या रुपयाचं पुढे काय झालं हे त्या यादीत सापडत नाही. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

इंडिया ऑफिस म्हणजे काय? ते दिल्लीत होतं की कलकत्त्यात?

दोन्हीकडे नाही. लंडनमध्ये, व्हाइटहॉलला. १८५७ नंतर कंपनी सरकार गेलं आणि १८५८ च्या कायद्यानं भारताचा कारभार थेट ब्रिटिश सरकारकडे आला. त्यासाठी तिकडच्या मंत्रिमंडळात एक भारतमंत्री आला आणि त्याचं खातं म्हणजे इंडिया ऑफिस. व्हाइसरॉय इकडे, भारतमंत्री तिकडे, आणि शेवटचा शब्द तिकडचा. हे एक डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं निम्मं आपोआप कळतं.

खर्च मात्र आपला. इमारत भारताच्या महसुलातून बांधलेली. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला तेव्हा त्याच्या स्वागताचा सोहळा याच इमारतीच्या चौकात झाला आणि त्याचं बिलही भारताच्या नावावर पडलं. भारतमंत्र्याचा पगारसुद्धा १९१९ च्या कायद्यापर्यंत भारताच्या तिजोरीतून जायचा, म्हणजे साठ वर्षं आपण त्या माणसाचा पगार भरला पण त्याला प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नव्हता. मला हे दरवर्षी शिकवताना राग येतो आणि तो यायलाच पाहिजे असं मला वाटतं.

मग भारतमंत्र्याला अर्थकारणाचा सल्ला द्यायला कोण असायचं?

त्याच्यासाठी इंडिया कौन्सिल होती. सुरुवातीला १५ मेंबर, त्यातल्या बहुतेकांनी भारतात किमान १० वर्षं नोकरी केलेली असावी अशी अट. कल्पना वाईट नव्हती, लंडनमधल्या मंत्र्याला इथली माहिती असलेली माणसं हवीत म्हणून. भारताच्या महसुलातला पैसा खर्च करायला कौन्सिलचं बहुमत लागायचं, त्यामुळे कागदावर तरी ती बरीच ताकदवान होती.

पण बघा, ही माणसं म्हणजे कोण? रिटायर झालेले कलेक्टर, कमिशनर, लष्करी अधिकारी. त्यांचा भारत ते सोडून आले त्या वर्षी थांबलेला. आणि पैशाच्या कामासाठी जी फायनान्स कमिटी होती तिथे लंडनच्या बँकिंग आणि जहाज धंद्यातली वजनदार मंडळी येऊन बसायची. फेलिक्स शुस्टर हे बँकर तिथे होते, पुढे लॉर्ड इंचकेप झालेले जेम्स मॅके तिथे होते. हुशार माणसं होती, त्याबद्दल वाद नाही, पण लंडनच्या बाजाराचं भलं आणि भारताचं भलं एकच आहे असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि जिथे ते एक नव्हतं तिथे हे बोलून दाखवायला खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. १९०७ मध्ये पहिल्यांदा दोन भारतीय घेतले, के. जी. गुप्ता आणि सय्यद हुसेन बिलग्रामी. म्हणजे पहिली ४९ वर्षं एकही नाही.

पण एवढा सल्ला लागायचा कशाला? कर गोळा करायचा आणि खर्च करायचा, एवढंच ना?

एवढंच असतं तर बरं होतं. अडचण अशी की कर रुपयात जमा व्हायचा आणि खर्चाचा मोठा भाग पौंडात. लंडनमध्ये दरवर्षी पेन्शनी, कर्जावरचं आणि रेल्वेचं व्याज, लष्कराचे हिशेब, सामानाची खरेदी, इंडिया ऑफिसचा स्वतःचा खर्च, यांना होम चार्जेस म्हणायचे. हे पौंड आणायचे कुठून?

त्याची युक्ती म्हणजे कौन्सिल बिलं. हे जरा सावकाश वाचा, परीक्षेत यावर हमखास गोंधळ होतो. समजा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यानं वऱ्हाडातला कापूस घेतला. त्याला इकडे रुपये द्यायचेत, पण त्याच्याकडे पौंड आहेत. भारतमंत्र्याकडे उलटं, त्याचे रुपये मुंबई-कलकत्त्याच्या सरकारी तिजोरीत पडलेत आणि त्याला पौंड हवेत. म्हणून दर बुधवारी बँक ऑफ इंग्लंडमध्ये भारतमंत्र्याच्या नावानं हुंड्या विकायला निघायच्या. व्यापारी पौंड भरायचा, हुंडी घ्यायचा, टपालानं मुंबईला पाठवायचा, मुंबईत ती सरकारी तिजोरीत दाखवली की रुपये मिळायचे आणि ते कापसाच्या दलालापर्यंत जायचे. पौंड लंडनमधून हललेच नाहीत, रुपये भारतातून हलले नाहीत, आणि तरी दोघांचं काम झालं.

आता यातली मेख बघा. भारताची निर्यात आयातीपेक्षा जास्त असायची, म्हणजे इतर कुठल्याही देशासारखं असतं तर फरकाचं सोनं जहाजानं इकडे आलं असतं. पण भारतमंत्र्यानं होम चार्जेसच्या गरजेपेक्षा जास्त हुंड्या विकल्या की ते सोनं लंडनमध्येच अडायचं. १९०४ पासून तर ठरावीक दराला लागतील तितक्या हुंड्या विकायला सुरुवात झाली. म्हणजे बुधवारी किती हुंड्या आणि काय दरानं विकायच्या हा कारकुनी वाटणारा निर्णय खरं तर भारतात सोनं किती येणार याचा निर्णय होता, आणि तो घेताना सल्ला कुणाचा, तर फायनान्स कमिटीचा.

रुपया घसरायला लागल्यावर काय झालं?

१८७० च्या आधीपर्यंत रुपया साधारण २ शिलिंगांचा, म्हणजे १० रुपयांना एक पौंड (१२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड). मग जगभर देश चांदी सोडून सोन्याकडे वळले, चांदी पडली, आणि आपला रुपया चांदीचा असल्यामुळे तोही पडला. १८९२-९३ पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सच्याही खाली आला. म्हणजे लंडनला जो एक पौंड पाठवायला १० रुपये लागायचे त्याला १६-१७ रुपये लागायला लागले. होम चार्जेस पौंडात तेवढेच, कर मात्र रुपयात वाढवत न्यावा लागला. त्या काळच्या मराठी पेपरांत हुंडणावळीचा प्रश्न म्हणून जो येतो तो हाच.

तेव्हा सल्ल्याची व्यवस्था काय झाली, तर समिती. १८९२ ला लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली, तिच्या सल्ल्यावरून जून १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. त्याआधी कुणीही चांदी घेऊन जावं आणि रुपये पाडून आणावेत अशी सोय होती, ती गेली. मग १८९८ ला फाउलर समिती. केंब्रिजचे आल्फ्रेड मार्शल, त्या काळचं अर्थशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव, त्यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. समितीनं १ शिलिंग ४ पेन्स हा दर आणि सोन्याचं नाणं सुचवलं. बँक ऑफ बेंगॉलमधले ए. एम. लिंडसे यांनी वेगळीच योजना मांडली होती, नाणं रुपयाचंच ठेवा, सोन्याचा साठा लंडनला ठेवा आणि दर हुंड्यांनी सांभाळा. समितीनं ती नाकारली. पण पुढच्या दहा वर्षांत प्रत्यक्षात जे घडत गेलं ते जवळजवळ लिंडसे यांचंच. ठरवलं एक, अंमलात आलं दुसरं, आणि मधे कुणी बसून असा निर्णय केला असंही नाही, बुधवारच्या हुंड्या विकता विकता ते होत गेलं.

केन्स भारतात कधी आलाच नव्हता हे खरं आहे का?

खरं आहे. जॉन मेनार्ड केन्स, पुढे जगभर गाजलेला इंग्रज अर्थशास्त्रज्ञ, १९०६ मध्ये परीक्षा देऊन इंडिया ऑफिसात लागला. पहिलं मोठं काम काय मिळालं माहितेय? एअरशायर जातीचे दहा तरुण वळू जहाजानं मुंबईला पाठवायचे. नंतर महसूल, आकडेवारी आणि व्यापार खात्यात गेला, दोन वर्षांत कंटाळून नोकरी सोडून केंब्रिजला परतला. पण इंडिया ऑफिसातल्या लोकांशी, विशेषतः तिथले अर्थखातं सांभाळणारे लायोनेल अब्राहम्स यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार चालू राहिला, आणि १९१३ मध्ये त्याचं पहिलंच पुस्तक आलं ते भारतीय चलनावर.

१९२१ मध्ये फिस्कल कमिशनसाठी, म्हणजे आयात-निर्यातीवरच्या जकातीचं धोरण तपासणाऱ्या आयोगासाठी, येणार असं ठरलंही होतं, पण आला नाही. वऱ्हाडातला बाजार, मुंबईचा सराफ कट्टा, लग्नसराईत रुपयाची ओढ कशी वाढते हे त्यानं कधी डोळ्यांनी बघितलं नाही. त्याचं पुस्तक मात्र आजही वाचण्यासारखं आहे, हंगामात व्याजाचे दर का चढतात आणि पावसाळ्यात का उतरतात हे त्यानं आकड्यांवरून जे काढलंय ते बरोबर आहे. दूर बसलेल्या माणसाला यंत्र कसं चालतं ते नीट दिसू शकतं. ते कुणासाठी चालतंय हे विचारायला मात्र त्या यंत्राखाली राहिलेलं माणूस लागतं, असं मला वाटतं.

चेंबरलेन आयोग नेमायची वेळ का आली?

चांदीच्या खरेदीमुळे. १९१२ मध्ये रुपये पाडायला खूप चांदी लागत होती, बाजारात बोभाटा झाला तर भाव चढेल म्हणून इंडिया ऑफिसनं ती एका लंडनच्या पेढीमार्फत गुपचूप घेतली. त्या पेढीच्या घराण्यातले नातेवाईक इंडिया ऑफिसात मंत्रिपदावर होते हे बाहेर आलं, पार्लमेंटमध्ये आणि पेपरांत गदारोळ झाला. १९१३ ला ऑस्टिन चेंबरलेन यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसलं, केन्स तिशीही न ओलांडलेला, तो मेंबर. मुंबईचे शापुरजी भरुचा मेंबर होते. बँक ऑफ बाँबेचे जेम्स बेग्बी यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

केन्सनं अहवालाला जोडून भारतासाठी सरकारी मध्यवर्ती बँक कशी असावी याचा आराखडा लिहिला. मग महायुद्ध आलं आणि तो कागद बाजूला पडला. १९२१ ला बंगाल, बाँबे आणि मद्रास या तीन बँका एकत्र करून इंपीरियल बँक झाली, आजची स्टेट बँक तिच्यातूनच आली, पण मध्यवर्ती बँक यायला अजून चौदा वर्षं लागली.

भारतीयांना कुणी विचारायचंच नाही का?

विचारायचे, साक्षीदार म्हणून. निर्णय घेणारा म्हणून नाही, या दोन्हींत फार अंतर आहे.

१८९५ ला भारताच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी कमिशन नेमलं. दादाभाई नौरोजी त्याचे मेंबर होते, हा मोठा अपवाद. १८९७ मध्ये साक्ष द्यायला पुण्याहून डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले, मुंबईचे दिनशा वाच्छा होते, सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते, मद्रासचे सुब्रह्मण्य अय्यर होते. गोखले तेव्हा तिशीत, फर्ग्युसनचे प्राध्यापक. मागे न्यायमूर्ती रानड्यांची तालीम आणि आकड्यांची जुळवाजुळव करायला गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरचे हे जोशी सरकारी शाळाखात्यातले माणूस, सरकारी रिपोर्ट वाचून त्यातलेच आकडे सरकारपुढे मांडायचे. त्यांचं नाव आज फार कुणाला माहीत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या देशात आर्थिक सल्ल्याची जी पहिली स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली ती पुण्यात, विनापगारी, अशा तीन-चार माणसांच्या टेबलावर. रानड्यांनी १८९२ ला डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं त्याचा गाभाही हाच होता की इंग्लंडमधले सिद्धांत इथे जसेच्या तसे लावू नका, इथली परिस्थिती आधी बघा.

गोखल्यांनी दोन दिवस उलटतपासणीला तोंड दिलं. खर्चावर लगाम नाही कारण ज्याचा पैसा जातो त्याचा आवाज कुठेच नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आणि वरच्या जागांवर आपली माणसं नसल्यानं एका पिढीची वाढच खुंटते हेही त्यांनी बोलून दाखवलं. कमिशनचा अहवाल १९०० ला आला, दादाभाईंना इतर दोघांबरोबर वेगळा अहवाल लिहावा लागला.

डॉ. आंबेडकरांचा यात संबंध कुठे येतो?

मधोमध येतो. बाबासाहेबांची ओळख राज्यघटनेमुळे इतकी मोठी झाली की मूळचे ते अर्थशास्त्रज्ञ हे लोक विसरतात. कोलंबियात शिकले, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ ला तो छापून आला. त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि गंमत म्हणजे कॅनन त्यात सरळ लिहितात की काही ठिकाणी मी याच्याशी सहमत नाही.

बाबासाहेबांनी केन्सच्या बाजूलाच आव्हान दिलं. केन्स म्हणत होता की सोन्याचा साठा राखून रुपयाचा दर सांभाळायची पद्धत शहाणपणाची आणि काटकसरीची आहे. बाबासाहेबांचं म्हणणं असं की या पद्धतीत रुपये किती पाडायचे याला मर्यादा नाही, ते सरकारच्या मर्जीवर. आणि जास्त पाडले तर भाव चढतात, हातावर पोट असणाऱ्याची मजुरी मात्र तितकी चढत नाही. पौंडाशी दर स्थिर दिसत राहील आणि इकडे गिरगावात ज्वारीचा भाव हलत राहील, मग ती स्थिरता कुणाच्या कामाची?

१९२५ ला भारतीय चलनाचा विचार करायला हिल्टन यंग आयोग नेमला गेला आणि १५ डिसेंबर १९२५ ला बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. त्यांची मागणी स्पष्ट होती. टांकसाळ लोकांना बंद आहे तशी सरकारलाही बंद करा, सोन्याचं नाणं पाडायला सुरुवात करा, सोनं आणि रुपया यांचं प्रमाण कायद्यानं ठरवा, आणि दोन्ही चालू द्या पण एकाचं दुसऱ्यात रूपांतर करून देण्याची जबाबदारी सरकारवर नको. याचा अर्थ चांगला सल्लागार शोधा असं ते म्हणत नव्हते. सल्लागाराच्या मर्जीला जागाच उरणार नाही असा कायदा करा, असं म्हणत होते. माझ्या मते या शंभर वर्षांच्या सगळ्या कागदांत हा सगळ्यात खोल विचार आहे.

मग रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरून झाली हे खरं का?

व्हॉट्सअॅपवर हे खूप फिरतं म्हणून नीट सांगतो. हिल्टन यंग आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ ला कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्या आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली आणि त्यांचा प्रबंध त्या वेळी या विषयावरचं महत्त्वाचं काम होतं. पण बँकेचा आराखडा त्या पुस्तकात लिहिलेला नाही, पुस्तकाचा मुद्दा रुपयाच्या संख्येला बांध घालण्याचा आहे, आणि तो आयोगानं बाबासाहेबांनी मागितला तसा मान्य केला नाही. पुस्तक स्वतः वाचा, ते फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोठं आहे.

१६ पेन्स की १८ पेन्स, दोन पेन्ससाठी एवढं भांडण का?

हिशेब करून बघा. १ शिलिंग ४ पेन्स म्हणजे पौंडाला १५ रुपये. १ शिलिंग ६ पेन्स म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. रुपया महाग ठेवला तर होम चार्जेस स्वस्त पडतात आणि लँकेशायरचं कापडही मुंबईत स्वस्त येतं. रुपया स्वस्त ठेवला तर मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण, निर्यातीच्या कापसाला जास्त रुपये, पण आयातीचं सगळं महाग. आयोगानं १८ पेन्स सांगितलं, पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १६ पेन्सच्या बाजूनं भिन्नमतपत्रिका लिहिली, १९२७ ला १८ पेन्सचा कायदा झाला आणि नंतर कित्येक वर्षं मुंबईचे व्यापारी त्यावरून चिडलेले होते.

भारत सरकार आणि लंडन यांचंच एकमत नसेल तर?

तर लंडनचं चालायचं. १९१९ च्या बॅबिंग्टन स्मिथ समितीनं रुपया २ शिलिंग सोन्याच्या दराला बांधा असा सल्ला दिला, समितीतले एकटे भारतीय, मुंबईचे दादिबा दलाल, यांनी वेगळं मत लिहिलं की १६ पेन्सच ठेवा. दलाल हे सोन्या-चांदीच्या बाजारात वावरलेला माणूस. १९२० मध्ये हा दर टिकवायला सरकारनं उलट्या हुंड्या, म्हणजे इकडे रुपये घेऊन लंडनमध्ये पौंड देणाऱ्या, विकल्या, साडेपाच कोटी पौंडांच्या आसपास, आणि दर टिकलाच नाही, वर्षभरात रुपया १६ पेन्सच्याही खाली. ज्याचं ऐकलं नाही त्याचं बरोबर निघालं, पैसा मात्र गेला.

दुसरी वेळ सप्टेंबर १९३१. ब्रिटननं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली तेव्हा रुपयाला मोकळं सोडावं असं इकडच्या सरकारचं मत होतं, व्हाइसरॉय विलिंग्डन यांच्या कौन्सिलनं राजीनाम्याची भाषा केली. तरी लंडनच्या हुकमानं रुपया पौंडाला १८ पेन्सला बांधला गेला. त्यानंतर मंदीत अडलेल्या घरांमधून सोनं बाहेर पडायला लागलं आणि ते जहाजं भरभरून परदेशी गेलं. आमच्या भागात जुनी माणसं अजून सांगतात, त्या वर्षांत बायांच्या गळ्यातल्या पुतळ्या गेल्या.

पगारी अर्थशास्त्रज्ञ कधी ठेवला?

फार उशिरा. १९३१ ला आर्थर सॉल्टर हे ब्रिटिश तज्ज्ञ येऊन आर्थिक सल्लागार मंडळाची योजना देऊन गेले, ती तशी उभी राहिली नाही. १९३३-३४ ला बाउली आणि रॉबर्टसन या इंग्लंडमधल्या प्राध्यापकांनी तीन भारतीय अर्थशास्त्रज्ञांच्या मदतीनं आकडेवारी कशी गोळा करावी ते सांगितलं. भारत सरकारला पहिला आर्थिक सल्लागार मिळाला तो १९३८ ला, थिओडोर ग्रेगरी.

ब्रिटनच्या इतर वसाहतींत कसं होतं?

कलोनियल ऑफिसनं, म्हणजे इतर वसाहती सांभाळणाऱ्या लंडनच्या खात्यानं, १९४३ ला आर्थिक सल्लागार समिती काढली आणि तिचा सेक्रेटरी नेमला आर्थर लुईस, कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरचा, वय अठ्ठावीस. वसाहतीतला माणूस वसाहतींना सल्ला देणाऱ्या खोलीत पोचला. पण समितीनं स्वतः विषय काढून विचार करायचा की अधिकारी विचारतील तेवढंच सांगायचं यावर ओढाताण झाली आणि १९४४ च्या शेवटी त्यानं राजीनामा दिला. १९७९ ला त्याला नोबेल मिळालं.

आणि त्याच्या राजीनाम्यानंतर दोनच वर्षांनी, १९४६ ला, काय झालं बघा. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, भुईमुगाची प्रचंड योजना. तीस लाख एकरांहून जास्त जमीन, त्यातली बरीचशी टांगानिकात, खाद्यतेलाची टंचाई संपणार. पाहणी नऊ आठवड्यांत उरकली, बरीचशी विमानातून. काँग्वा इथे काम सुरू झालं, बाओबाबच्या मुळांनी ट्रॅक्टर मोडले, पाऊस अपुरा, आणि जमीन उन्हात अशी टणक व्हायची की शेंग काढता येईना. आपल्याकडे भुईमूग लावणारा कुठलाही शेतकरी पहिल्या दिवशी सांगेल की जमीन आवळली की वेल हातात येतो आणि शेंगा आतच तुटून राहतात. तिथल्या शेतकऱ्यांनाही हे माहीत असणार, विचारलं कुणी? १९५१ ला योजना गुंडाळली तेव्हा ३ कोटी ६० लाख पौंड बुडाले होते.

एखादं चांगलं उदाहरण आहे का?

आहे, दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनची फॉकलंड बेटं. दोन हजारही वस्ती नव्हती, धंदा मेंढ्यांचा, जवळजवळ निम्मी जमीन एका कंपनीची. १९७६ ला लॉर्ड शॅकल्टन यांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि सरकारला न आवडणारी गोष्ट लिहिली, की बेटांवरचा पैसा ब्रिटनमध्ये जातोय, उलट नाही. विमानाची धावपट्टी लांब करा, जमीन तिथल्या लोकांना विकत मिळू द्या, मासेमारीकडे बघा. अहवाल बाजूला ठेवला. १९८२ चं अर्जेंटिनाबरोबरचं युद्ध झालं, मग त्यांनाच पुन्हा बोलावून तो नवा करून घेतला आणि या वेळी ऐकलं. विकास महामंडळ आलं, मोठा विमानतळ १९८५ ला, आणि १९८७ पासून परदेशी बोटींना माकुलं पकडायचे परवाने विकायला लागल्यावर बेटांचं उत्पन्न कित्येक पटीनं वाढलं. सल्ला तोच होता, सहा वर्षं कपाटात पडून होता.

शेवटी भारतीय माणूस त्या टेबलावर कधी बसला?

जुलै १९४४, अमेरिकेत ब्रेटन वुड्सला, युद्धानंतरची जगाची चलनव्यवस्था ठरवणाऱ्या परिषदेत. महायुद्धात ब्रिटननं भारताकडून माल आणि सेवा घेतल्या आणि बदल्यात लंडनमध्ये पौंड जमा दाखवले, त्यामुळे शंभर वर्षांची देणेकरी असलेली आपली बाजू घेणेकरी झाली. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले अर्थसदस्य जेरेमी राइसमन होते, सल्लागार ग्रेगरीही होते, पण बरोबर षण्मुखम चेट्टी, मुंबईचे ए. डी. श्रॉफ आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. रायगडातल्या नाते गावात जन्मलेले, १९४३ ला गव्हर्नर झालेले. भारतानं मागणी केली की या साठलेल्या पौंडांचा काही भाग तरी नव्या नाणेनिधीतून मोकळा करून द्या. समोर ब्रिटनच्या बाजूनं केन्स, एकेकाळी मुंबईला वळू पाठवणारा तोच, आता लॉर्ड. त्यानं आभार मानले, हा हिशेब भारत आणि ब्रिटन आपसात मिटवतील असं सांगितलं, आणि मागणी फेटाळली गेली. पण तेव्हा आकडे देशमुखांच्या फायलीत होते आणि घेणं कुणाचं किती हे दोघांनाही पाईपर्यंत माहीत होतं.